पावसाळाभर खाडीत उभी राहणारी शिडाची होडी: सोलरवरच्या लिथियम बॅटरीची निगा

बेलापूर, नेरूळ, वाशी किंवा ठाण्याच्या बाजूला खाडीत उभी असलेली शिडाची होडी मे अखेरीस बंद होते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत, बऱ्याचदा थेट ऑक्टोबरपर्यंत, तिच्यावर कोणी राहत नाही. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, पण हौशी होडीची सुट्टी त्याहून लांबते. एवढे महिने बॅटरी कशी ठेवायची याचं बहुतेकांचं उत्तर एकच असतं: सोलर चालू राहू दे, बॅटरी भरलेली राहील. लेड-ॲसिड बॅटरीसाठी हे बरोबर होतं. लिथियमसाठी ते चूक आहे, आणि ही चूक दोन-तीन वर्षांनी क्षमता घटल्यावरच लक्षात येते.

इथे लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी. चार सेल, १२.८ व्होल्ट, साधारण १०० अँपिअर-तासांची बॅटरी गृहीत धरली आहे. इलेक्ट्रिक स्कूटरमधून काढलेले जुने पॅक होडीत बसवू नका. त्यांतले बरेच एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) जातीचे असतात, त्यांचे व्होल्टेज वेगळे असतात आणि तापल्यावर ते एलएफपीपेक्षा कितीतरी लवकर पेटतात.

लिथियमला नेमकं काय सोसत नाही

एलएफपी सेल वापर नसतानाही म्हातारा होतो. तापमान जास्त आणि चार्ज जास्त, या दोन गोष्टी एकत्र आल्या की हे म्हातारपण लवकर येतं. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की झीज साधारण दुप्पट वेगाने होते. मे महिन्यात बंद केबिनमध्ये दुपारी ४५ अंशांच्या वर पारा जाणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. अशा केबिनमध्ये रोज १४.४ व्होल्टला भरून १०० टक्क्यांवर धरलेली बॅटरी सगळ्यात वाईट अवस्थेत असते. ती ४० ते ६० टक्क्यांवर असेल तर तीच उष्णता तिला बरीच कमी बाधते.

दुसऱ्या टोकाला खोल डिस्चार्ज आहे. सेल २.५ व्होल्टच्या खाली जाऊ लागला की बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं राखणदार सर्किट, बॅटरी तोडतो, तिचा जोड बंद करतो (पूर्ण पॅकवर साधारण १० व्होल्ट). तोडल्यावरही बीएमएस स्वतः थोडा करंट खात राहतो, सेल आणखी खाली उतरतात आणि काही आठवड्यांत बॅटरी कायमची निकामी होऊ शकते.

थंडीत चार्ज न करण्याचा नियम शून्य अंशाखाली लागू होतो, तो इथे कोणालाच लागत नाही. उष्णतेचा मात्र लागतो. बहुतेक बीएमएस सेल ४५ ते ५५ अंशांवर गेला की चार्ज बंद करतात. त्यामुळे बॅटरी इंजिनाजवळ किंवा कॉकपिटखालच्या पेटीत नको. बर्थखाली, बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आणि होडीच्या अंगाजवळ असलेली जागा सगळ्यात गार राहते, कारण बाहेरचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. होडीच्या आत तळाशी साचणारं पाणी जास्तीत जास्त जिथवर चढू शकतं, त्याच्या निदान ३० सेंटिमीटर वर मात्र ती हवी.

आधी ठरवा: माणूस नसताना काय चालू राहायला हवं?

प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं: बिल्ज पंप, म्हणजे तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप. फ्रिज, इन्व्हर्टर, स्टिरिओ, वायफाय राउटर यांपैकी काहीही रिकाम्या होडीत लागत नाही. आणि बिल्ज पंपाला लिथियमच लागते असंही नाही.

म्हणून शक्य तिथे दोन वेगळ्या व्यवस्था करा. पंपासाठी ४० ते ५० अँपिअर-तासांची सीलबंद एजीएम बॅटरी (लेड-ॲसिडचाच प्रकार), तिला २० ते ५० वॅटचं स्वतंत्र पॅनेल आणि साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारा चार्ज आवरणारं यंत्र). लेड बॅटरीला कायम भरलेलं राहायला आवडतं, अर्धवट ठेवली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतो. तेव्हा सोलर सतत चालू ठेवण्याची पद्धत तिलाच शोभते. लिथियम मात्र अर्ध्यावर आणून पूर्ण तोडून ठेवायची. शिवाय एजीएममध्ये बीएमएस नसल्यामुळे पाणी चढत असताना बॅटरी अचानक तुटण्याची भीती उरत नाही, आणि होडी बुडणार की तरणार हे ठरवणाऱ्या पंपाच्या बाबतीत हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे. एजीएमचा फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचा व्होल्टेज) १३.६ व्होल्ट, तापमान-भरपाई (गरमीत व्होल्टेज आपोआप कमी करणं) चालू.

ही पद्धत जमत असेल तर तीच घ्या. लिथियम हीच एकमेव बॅटरी असेल तर पुढे दुसरी पद्धत दिली आहे.

पद्धत पहिली: लिथियम पूर्ण तोडून ठेवणे

१. होडी बंद करण्याच्या आठवडाभर आधी बॅटरी १४.२ ते १४.४ व्होल्टपर्यंत पूर्ण भरा आणि करंट ५ अँपिअरच्या खाली येईपर्यंत तिथेच राहू द्या. बहुतेक बीएमएस सेलचा समतोल ३.४ व्होल्टच्या वरच साधतात. तो आधीच साधून घ्यायला हवा, कारण साठवणीच्या काळात समतोलाचं काम होत नाही.

२. शंट (बॅटरीतून आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास मोजणारा मीटर) असेल तर या क्षणी १०० टक्क्यांवर सेट करा. मग पॅनेल बंद करून दिवे, पंखा, फ्रिज लावा आणि ५० अँपिअर-तास काढून घ्या. ४ अँपिअरच्या लोडवर याला साडेबारा तास लागतात.

३. टक्केवारी व्होल्टमीटरवरून ओळखू नका. रात्रभर विसावलेली एलएफपी बॅटरी ४० ते ७० टक्क्यांपर्यंत १३.१ ते १३.३ व्होल्टच्या आतच खेळते. स्वस्त मीटरची चूकच तेवढी असते. अँपिअर-तास मोजलेलेच खरे.

४. आधी पॅनेल तोडा, मग बॅटरी. जोडताना उलट: आधी बॅटरी, मग पॅनेल. बॅटरी नसताना पॅनेल कंट्रोलरला जोडलेलं राहिलं तर काही कंट्रोलर जळतात. जे १२ की २४ व्होल्ट हे आपोआप ओळखतात, ते चुकीचा आकडा धरतात. सेटिंगमध्ये १२ व्होल्ट हाताने पक्के करा.

५. पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामध्ये दोन पोलचा डीसी एमसीबी हवा. घरच्या बोर्डातला एसी एमसीबी इथे चालत नाही, डीसीची ठिणगी तो विझवू शकत नाही. डीसी एमसीबीवर प्लस-मायनसच्या खुणा असतील तर त्याप्रमाणेच जोडा.

६. मेन स्विचवर भरवसा ठेवू नका. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवरची लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) काढा, टर्मिनलला रबरी टोपी घाला आणि लग इन्सुलेशन टेपने गुंडाळून बाजूला बांधा. मेन स्विच ओलांडून थेट बॅटरीवर आलेल्या बारीक वायरी (स्टिरिओची मेमरी, गॅस डिटेक्टर, ट्रॅकर) हटकून सापडतात. त्याही काढा.

आता सगळ्यात दुर्लक्षित हिशेब. टर्मिनल काढल्यावरही बीएमएस आतून करंट घेतच असतो. ब्लूटूथवाल्या बीएमएसमध्ये तो १० ते २० मिलीअँपिअर असू शकतो. २० मिलीअँपिअर म्हणजे महिन्याला साधारण १४ अँपिअर-तास. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ५८. म्हणजे ५० टक्क्यांवर ठेवलेली १०० ची बॅटरी ऑक्टोबर उजाडायच्या आत तळाला जाते. मिलीअँपिअरला २४ ने गुणा, दिवसांनी गुणा आणि हजाराने भागा. सेलचं स्वतःचं गळणं म्हणून महिन्याला २ ते ३ टक्के वर धरा. माहितीपत्रकात बीएमएसचा खप दिलेला असतो. नसेल तर बॅटरी पूर्ण भरून महिनाभर तोडून ठेवा, मग रिकामी करत किती अँपिअर-तास निघाले ते मोजा. हा प्रयोग पावसाळ्याच्या आधी हिवाळ्यात करून ठेवलेला बरा. खप जास्त निघाला तर ६५-७० टक्क्यांवर ठेवा आणि ऑगस्टमध्ये एकदा भर घाला. बीएमएस ॲपमधून झोपवता येत असेल तर झोपवा.

यापेक्षाही सोपा मार्ग म्हणजे बॅटरी घरी आणणे. १०० अँपिअर-तासांची एलएफपी ११ ते १३ किलोची असते, एक माणूस जेट्टीवरून नेऊ शकतो. घरात ऊन न लागणारी कोरडी जागा द्या. गॅलरीत नको, जिन्यात किंवा दाराबाहेर नको आणि कपड्यांच्या कपाटात तर नकोच.

पद्धत दुसरी: सोलर चालू, पण सेटिंग खाली

लिथियमवरच बिल्ज पंप आहे आणि बदल करता येत नाही, अशा होडीसाठी ही पद्धत. कंट्रोलर एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा प्रकार) हवा आणि व्होल्टेज स्वतः भरता येणारा हवा. ज्यात लिथियमचं एकच ठरलेलं १४.४ व्होल्टचं सेटिंग आहे, तो चार महिने चालू ठेवायच्या लायकीचा नाही.

माणूस नसतानाची सेटिंग अशी: ॲबसॉर्प्शन (भरताना गाठायचा व्होल्टेज) १३.३ व्होल्ट, फ्लोट १३.२ व्होल्ट, ॲबसॉर्प्शनचा वेळ कमीत कमी, इक्वलायझेशन (लेड बॅटरीसाठीचं मुद्दाम जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) बंद, तापमान-भरपाई शून्य. ॲबसॉर्प्शन १३.६ ठेवून निर्धास्त राहणारे बरेच आहेत. पण रिकाम्या होडीत करंट इतका कमी असतो की १३.६ वरसुद्धा बॅटरी काही दिवसांत जवळजवळ पूर्ण भरते. तापमान-भरपाई हा लेड बॅटरीचा नियम आहे; तो चालू राहिला तर गरमीत व्होल्टेज आपोआप घसरतो आणि एवढ्या सपाट व्होल्टेजच्या बॅटरीत त्याने सगळा अंदाज कोलमडतो. सेटिंग भरल्यावर बॅटरीच्या टर्मिनलवर चांगला मल्टिमीटर लावून कंट्रोलरचा आकडा पडताळा. ०.१ व्होल्टचा फरक इथे मोठा आहे.

पॅनेल किती हवं? वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. जुलैच्या गच्च ढगात १०० वॅटच्या पॅनेलमधून दुपारी १० ते १५ वॅटच येतात, दिवसभरात धरा ५ ते ७ अँपिअर-तास. कंट्रोलर, बीएमएस आणि शंट मिळून ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. पंप रोज १० मिनिटं ३ अँपिअरवर चालला तर आणखी अर्धा. म्हणजे भर पावसातही ५० ते १०० वॅट पुरतात. दूरवरून नजर ठेवायची यंत्रणा आणि ४जी राउटर २४ तास चालू ठेवले तर मात्र तेच दिवसाला १२ ते १५ अँपिअर-तास खातात, आणि संततधारेच्या आठवड्यात बॅटरी उतरते ती पंपामुळे नसून राउटरमुळे. नजर ठेवायचीच असेल तर दिवसातून एक-दोनदाच जागं होऊन व्होल्टेजचा एसएमएस धाडणारं छोटं जीएसएम यंत्र घ्या.

पंपाची वायर बॅटरीच्या बाजूने स्वतंत्र फ्यूजमधून थेट घ्या. बाकी सगळे लोड १२.५ व्होल्टला तोडणाऱ्या कटऑफमागे ठेवा, म्हणजे उरलेला साठा पंपासाठी राखला जातो. बॅटरीचा मुख्य फ्यूज टी क्लासचा आणि बॅटरीला लागून असावा. एलएफपी शॉर्ट झाली की हजारो अँपिअर देते, तो प्रवाह मोटारीतला साधा फ्यूज तोडू शकेल याची खात्री नाही.

बीएमएसने बॅटरी तोडल्यावरची कोंडी

माणूस नसलेल्या होडीत सगळ्यात त्रासदायक बिघाड हा आहे. बॅटरी खाली गेली, बीएमएसने तोडली, टर्मिनलवर शून्य व्होल्ट आले. सकाळी ऊन पडलं, पण बऱ्याच एमपीपीटींना सुरू व्हायलाच बॅटरीचा व्होल्टेज लागतो. बॅटरी चार्जरची वाट पाहते, चार्जर बॅटरीची. पॅनेल उन्हात असूनही चार्ज शून्य.

उलट बाजूने: एक सेल आधी ३.६५ व्होल्टला पोचला आणि बीएमएसने चार्ज होत असतानाच बॅटरी तोडली, तर कंट्रोलरच्या अंगावरून लोड एकदम नाहीसा होतो. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर अशा वेळी पॅनेलचा १८ ते २० व्होल्ट सरळ होडीच्या वायरिंगवर सोडू शकतो आणि जीपीएस, व्हीएचएफ रेडिओ यांना तो झटका बसतो. म्हणून चार्ज थांबवण्याचं काम बीएमएसवर कधीच सोडू नका. ते कंट्रोलरने त्याच्या खूप आधी करायला हवं. बीएमएसकडून कंट्रोलरला ‘थांब’ सांगणारी सिग्नल वायर देता येत असेल तर जरूर द्या.

खाडीचा चिखल आणि खारी हवा

ठाणे खाडीत आणि पनवेलच्या खाडीत ओहोटीला होडी कित्येकदा चिखलात बसते. कांदळवनाच्या या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याचा तो वास आपल्या ओळखीचा आहे. तो तांब्याला काळं करतो. साधी तांब्याची वायर इन्सुलेशनच्या आतपर्यंत काळी पडते, वरून काही दिसत नाही आणि जोडावर रोध वाढतो. टिन कोटेड वायरच वापरा. लग दाबून बसवायच्या आहेत, सोल्डर करायच्या नाहीत. सोल्डर जिथे संपतो तिथे हलणारी वायर तुटते. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. टर्मिनल आधी घट्ट करा, मगच वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या. जेली आधी लावून वर लग ठेवणं चूक आहे.

पॅनेलच्या वायरींच्या एमसी४ प्लगांच्या जोडणीत दोन्ही भाग एकाच कंपनीचे हवेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, पण नीट बसत नाहीत, पाणी शिरतं आणि जोड तापतो. वायर डेकमधून आत जाते त्याच्या आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच टपकेल.

चिखलात बसलेली होडी कलते, आणि इथे बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर उचलला जाऊन पंप चालू करणारा) फसतो. पाणी एका कुशीला जातं, स्विच दुसऱ्या बाजूला कोरडा राहतो. किंवा कललेल्या अवस्थेत फ्लोट वर अडकतो आणि पंप कोरडाच फिरत राहतो. ३ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे ७२ अँपिअर-तास, एका दिवसात बॅटरी साफ. ओहोटीला एकदा स्वतः होडीत बसून फ्लोट कसा राहतो ते पाहा. स्विच होडीच्या मध्यरेषेवर, पंपाच्या अगदी शेजारी हवा.

पॅनेलवर बूम (शिडाची आडवी काठी) किंवा डोलकाठीची सावली पडत असेल तर बूम एका बाजूला बांधा. एका पट्टीवरची सावलीसुद्धा पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद करू शकते. सुटी, लवचिक पॅनेलं मात्र जूनच्या आधी काढून केबिनमध्ये ठेवा, वादळी वारा ती उचकटतो. पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा होतात, म्हणून पहिल्या पद्धतीत पॅनेलच्या वायरी आणि व्हीएचएफची अँटेना दोन्ही सोडवून ठेवणं चांगलं.

जेट्टीवर वीज मिळत असेल तर चार्जर लावून जाऊ नका. तो बॅटरी दिवसरात्र पूर्ण भरलेली ठेवतो, आणि किनाऱ्याच्या अर्थिंगमधून होडीच्या धातूला गंजही लवकर लागतो.

महिन्यातून एक फेरी

भरतीची वेळ पाहून जा. सर्वात आधी तळातलं पाणी पाहा, मगच स्विचला हात लावा. पंपाचा फ्लोट स्विच हाताने उचला: पंप लगेच सुरू व्हायला हवा, सोडल्यावर थांबायला हवा. बादलीभर पाणी ओतून ते बाहेर पडतं का तेही पाहा, कारण बाहेरच्या तोंडाशी कालवं आणि गाळ बसतो. मग मल्टिमीटरने बॅटरीचा व्होल्टेज घ्या. १३.० च्या खाली असेल तर काहीतरी खात आहे, शोधा. कंट्रोलरमधल्या मागच्या दिवसांच्या नोंदी वाचा. कमाल व्होल्टेज १४ च्या वर गेलेला दिसला तर सेटिंग पुसली गेली आहे. सेलमधला फरक विसावलेल्या अवस्थेत २०-३० मिलीव्होल्टपेक्षा जास्त दिसला तर लिहून ठेवा, पुढच्या फेरीत वाढला का ते पाहायचं आहे. जाताना पॅनेल ओल्या फडक्याने पुसा, पक्ष्यांची विष्ठा पावसाने धुतली जात नाही.

दिवाळे, सारसोळे किंवा करावे गावातला कोणी दादा होडीवर नजर ठेवत असेल, तर त्याच्याकडून फक्त तीन गोष्टी मागा: होडी नेहमीच्या रेषेवर तरंगते का, पंपाच्या तोंडातून सतत पाणी येतं का, डिस्प्लेवरचा आकडा किती. आकडा १२.८ च्या खाली गेला तर लगेच फोन. हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून स्विचशेजारी चिकटवा आणि त्याला काहीही उघडायला किंवा जोडायला सांगू नका.

पुन्हा सुरू करताना

टर्मिनलवर शून्य व्होल्ट दिसले म्हणून बॅटरी मेली असं समजू नका, बीएमएस झोपलेला असू शकतो. आधी ॲपमध्ये सेलचे व्होल्टेज पाहा. सगळे सेल २.५ च्या वर असतील तर शून्य व्होल्टपासून सुरू होणारा लिथियम चार्जर लावून ५ अँपिअरने सुरुवात करा. २.० ते २.५ च्या मध्ये असतील तर १-२ अँपिअरने, आणि शेजारी बसूनच. एखादा सेल २.० च्या खाली असेल किंवा बॅटरी फुगली असेल तर चार्ज करू नका. खोल उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. अशी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या.

बॅटरी ठीक असेल तर १० अँपिअरने १४.२ व्होल्टपर्यंत सावकाश न्या. शेवटच्या टप्प्यात एखादा सेल पुढे पळताना दिसला तर करंट २ अँपिअरवर आणा आणि काही तास द्या. चार महिन्यांत पडलेला फरक बीएमएस हळूहळू मिटवतो. फरक मिटला की शंट पुन्हा १०० वर सेट करा. कंट्रोलरची सेटिंग प्रवासाच्या मापावर आणा: ॲबसॉर्प्शन १४.२, फ्लोट १३.५. त्यानंतर पहिल्याच मोकळ्या दिवशी ठरलेला लोड लावून किती अँपिअर-तास मिळतात ते मोजा आणि तो आकडा तारखेसह बॅटरीच्या झाकणावर लिहा. पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तो ताडून पाहिला की साठवण जमली की नाही ते कळेल.